बायोटेक गुंतवणूकदार परिषदेला स्वतःच्या खर्चाने जावं का?

रानवारा, ३ डिसेंबर

मंडळी, शेअर बाजारावर इथे भरपूर धागे आहेत, पण बायोटेकमध्ये, म्हणजे नवी औषधं शोधणाऱ्या कंपन्यांत, स्वतःचे पैसे घालणाऱ्या साध्या माणसाने परिषदांना जावं की नाही, गेलं तर तिथे करावं काय, यावर मला काही सापडलं नाही. मी २०१७ पासून जातोय, मधली दोन ऑनलाइन वर्षं सोडून. मी फंडात नाही, डॉक्टरही नाही. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो.

या क्षेत्रातली सगळ्यात मोठी परिषद म्हणजे जे. पी. मॉर्गन हेल्थकेअर कॉन्फरन्स. दर जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरवर, वेस्टिन सेंट फ्रान्सिस हॉटेलात भरते. १९८३ साली हॅम्ब्रेक्ट अँड क्विस्ट या बँकेने ती सुरू केली, पुढे बँका एकमेकींत विलीन होत गेल्या आणि ती आजच्या नावाखाली आली. तिथे निमंत्रणाशिवाय प्रवेश नाही. पण त्याच आठवड्यात आजूबाजूच्या हॉटेलांमध्ये छोट्या कंपन्यांच्या वेगळ्या परिषदा भरतात आणि त्यातल्या काही ठिकाणी वैयक्तिक गुंतवणूकदाराला नोंदणी करता येते. अर्जात तुम्ही कोण हे विचारतात. खरं तेच लिहावं. मला एकदा नकार आला, बाकी वेळा प्रवेश मिळाला.

आतली बातमी कळेल या आशेने कुणी जाणार असेल तर त्याने तिकीट काढू नये. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, २००० साली रेग्युलेशन फेअर डिस्क्लोजर आणलं, सगळे त्याला रेग एफडी म्हणतात. भावावर परिणाम करू शकेल अशी माहिती कंपनीने निवडक गुंतवणूकदारांच्या कानात सांगायची नाही, सगळ्यांना एकदमच सांगायची. म्हणून तर मोठ्या परिषदांमधली बहुतेक सादरीकरणं कंपन्यांच्या संकेतस्थळावर थेट दिसतात. घरी बसून ऐकता येतात.

मग मी का जातो, ते एका स्लाइडवरून सांगतो. कॅन्सरवरच्या औषधाची एक कंपनी होती. पडद्यावर वॉटरफॉल प्लॉट होता. त्यात प्रत्येक रुग्णाची एक उभी पट्टी असते, गाठ वाढली तर पट्टी वर जाते आणि आकसली तर खाली. बहुतेक पट्ट्या खाली झुकलेल्या, चित्र फार देखणं. स्लाइडच्या डोक्यावर लिहिलं होतं ३४ रुग्ण. मी पट्ट्या मोजल्या, त्या भरल्या २७. तळाला अगदी बारीक अक्षरात होतं, ‘किमान एक फेरतपासणी स्कॅन झालेले रुग्ण’. म्हणजे पहिल्या स्कॅनच्या आधीच जे गेले, ज्यांनी औषध सोडलं, त्यांची पट्टीच नाही. ११ जणांची गाठ ३० टक्क्यांहून जास्त आकसली होती. २७ ने भागलं तर ४१ टक्के येतात, ३४ ने भागलं तर ३२.

ही स्लाइड घरबसल्याही दिसली असती. पण सादरीकरण संपल्यावर मी कंपनीच्या वैद्यकीय प्रमुखांकडे गेलो आणि विचारलं, उरलेल्या सात जणांचं काय झालं? त्यांनी चटकन उत्तर दिलं असतं तर मी शेअर घेतले असते. ते म्हणाले, ‘तो तपशील आम्ही योग्य वेळी प्रसिद्ध करू.’ आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे वळले. गुपित मला तेव्हाही कळलं नव्हतं. आपल्याच सात रुग्णांबद्दल बोलायला हा माणूस तयार नाही एवढं मात्र दिसलं, आणि ते वेबकास्टमध्ये दिसत नाही.

आता माझं कुठे चुकलं ते. तिसऱ्या वर्षी एका कंपनीचे सीईओ बोलले. स्वतः डॉक्टर. वीस मिनिटं त्यांनी आकडे फार कमी सांगितले, एका रुग्णाबद्दल सांगितलं. नंतर माझ्याशी पाच मिनिटं उभं राहून बोलले, नाव विचारलं, हात हातात घेतला. त्याच रात्री खोलीवर येऊन मी शेअर घेतले. कंपनीचा आधीच्या तिमाहीचा अहवाल मी उघडलाच नव्हता. तीन आठवड्यांत कंपनीने बाजारभावापेक्षा १४ टक्के कमी दराने नवे शेअर विकले. रोख तीन तिमाह्या पुरेल इतकीच होती आणि ते नोव्हेंबरच्या अहवालात स्वच्छ लिहिलेलं होतं. वर्षअखेरीला फेज २ चा, म्हणजे माणसांवरच्या चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्याचा, निकाल आपटला. माझे दोन तृतीयांश पैसे गेले.

ते गृहस्थ एक शब्दही खोटं बोलले नव्हते. माणूस समोर दिसला, आवडला, की आपण त्याच्या शब्दांना आकड्यांइतकं वजन देतो, आणि परिषदेत जायचा खरा धोका मला हाच वाटतो. तेव्हापासून निघायच्या आधी प्रत्येक कंपनीसाठी एक पान लिहितो. रोख किती तिमाह्या पुरेल, पुढचा निकाल कधी आणि कोणता आकडा आला तर मी त्याला यश म्हणेन, आणि काय झालं तर मी विकून बाहेर पडेन. हे पान तयार नसेल तर त्या कंपनीच्या दालनात मी पाय ठेवत नाही.

तुमचे अनुभव लिहा. वेगळं मत असेल तर तेही.

चांदणचुरा, ३ डिसेंबर

रानवारा, वाचनखूण साठवली. मी येत्या जानेवारीत पहिल्यांदाच जाणार आहे, त्यामुळे धागा अगदी वेळेवर आला. शाळेत रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे औषध कसं काम करतं ते वाचून समजतं, पण ताळेबंद उघडला की गोंधळते. रोख किती तिमाह्यांची हे नेमकं कुठून काढायचं? आणि दुसरं, इतके फंडवाले बसलेले असताना आपण हात वर करून काय विचारणार, याची मनात धाकधूक आहे.

रानवारा, ४ डिसेंबर

एसईसीच्या एडगर या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका आणि सगळ्यात ताजा १०-क्यू, म्हणजे तिमाही अहवाल, उघडा. त्यात ‘लिक्विडिटी अँड कॅपिटल रिसोर्सेस’ असा भाग असतो. तिथून दोन आकडे घ्या: रोख अधिक अल्पमुदतीच्या गुंतवणुका, आणि कामकाजात खर्च झालेली रोख. दुसरा आकडा वर्षाच्या सुरुवातीपासूनचा एकत्रित असतो, तेव्हा तिसऱ्या तिमाहीचा अहवाल असेल तर त्याला तीनने भागायचं. समजा हाताशी १८ कोटी डॉलर आहेत आणि तिमाहीला अडीच कोटी जाताहेत, तर सात तिमाह्यांची सोय झाली.

पण हा भागाकार नेहमी थोडा आशावादी निघतो. फेज ३ सुरू झाली की खर्च उडी मारतो, कारण रुग्ण शेकड्यांनी घ्यावे लागतात. म्हणून शेवटची चार वर्षं धरून खर्च कसा चढत गेला ते बघा. ‘गोइंग कन्सर्न’ हे शब्द अहवालात शोधाच. अहवाल आल्यापासून पुढचं एक वर्ष कंपनी तग धरेल याबद्दल मोठी शंका असेल तर ते तिथे लिहावं लागतं. अनेक कंपन्या जानेवारीच्या सुरुवातीला, परिषदेच्या तोंडावर, वर्षअखेरच्या रोखीचा अंदाजे आकडा पत्रकात देतात, तेही वाचून जा.

धाकधुकीबद्दल: हात वर करूच नका. सादरीकरणानंतर दोन-चार मिनिटं मंडळी तिथेच रेंगाळतात, तेव्हा जवळ जाऊन विचारा. एकच प्रश्न, आणि तो कागदावर लिहिलेला.

मोरपीस, ४ डिसेंबर

मी आठ वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते, एका मध्यम आकाराच्या कंपनीच्या गुंतवणूकदार संपर्क विभागात. तेव्हा तिकडून काय दिसतं ते लिहिते.

परिषदेच्या आधी दोन आठवडे आम्ही सीईओंना खोलीत बसवून प्रश्नांचा सराव घ्यायचो. वकील शेजारी असायचे. अवघड प्रश्नांची यादी साठ-सत्तरची, प्रत्येकाचं उत्तर शब्दन् शब्द ठरलेलं. त्या आठवड्यात त्यांच्या दर अर्ध्या तासाला फंडांशी बैठका असतात, दिवसाला पंधरा-पंधरा. संध्याकाळपर्यंत आवाज बसलेला असतो. तेव्हा उत्तर कोरडं आलं म्हणून लगेच संशय घेऊ नका, आणि गोड आलं म्हणून भाळूही नका. ते विसाव्यांदा दिलेलं असतं.

साध्या गुंतवणूकदाराने सीईओंच्या मागे लागण्यापेक्षा परिषदेच्या दहा दिवस आधी संपर्क विभागाला मेल लिहावी. ‘मी इतके शेअर धरून आहे, पंधरा मिनिटं भेटता येईल का?’ अशी मेल आली की आम्ही शक्यतो वेळ काढायचो, कारण ते आमचं कामच होतं. नीट वाचून आलेल्या माणसाशी बोलायला आम्हालाही बरं वाटायचं.

आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे जुन्या स्लाइड. बऱ्याच कंपन्या आपलं सादरीकरण ८-के (महत्त्वाच्या घडामोडी कळवायचा फॉर्म) सोबत एसईसीकडे दाखल करतात. संकेतस्थळावरून काढलं तरी एडगरवर ते राहतंच. मागच्या दोन-तीन वर्षांची सादरीकरणं शेजारी शेजारी ठेवा आणि फक्त तारखांची स्लाइड वाचा. निकाल ‘पहिल्या सहामाहीत’ येणार होता, तो ‘वर्षाच्या मध्यास’ झाला, मग ‘वर्षअखेरपर्यंत’. एखादा रोग गेल्या वर्षी यादीत होता, यंदा गुपचूप गायब. कुणी पत्रक काढत नाही की आम्ही हा प्रकल्प सोडला म्हणून, नुसती ओळ निघून जाते. ती ओळ कुठे गेली हा प्रश्न आमच्या सरावाच्या यादीत क्वचितच असायचा.

कातळ, ५ डिसेंबर

मी थोडं विरुद्ध लिहितो. विमानाचं तिकीट, त्या आठवड्यातले युनियन स्क्वेअरच्या आसपासचे हॉटेलचे चढे दर, नोंदणी, चार दिवस रजा. माझ्यासारख्याची बायोटेकमधली सगळी गुंतवणूक वीस हजार डॉलर असेल तर हा खर्च भरून यायला परतावा किती जास्त हवा, याचा हिशेब कुणी मांडला आहे का? मी मांडला आणि गेलो नाही. वेबकास्ट दीडपट वेगाने ऐकतो, मोरपीस ताईंनी सांगितलेल्या जुन्या स्लाइड आता नक्की वाचेन. उरलेले पैसे एक्सबीआय या बायोटेक कंपन्यांच्या निर्देशांक फंडात आहेत. एकेक कंपनी हेरण्याइतकं आपल्याला कळतं, हा विश्वास मला स्वतःबद्दल नाही.

रानवारा, ५ डिसेंबर

कातळ, हिशेब पटला. गुंतवणूक लहान असेल तर निव्वळ परताव्यासाठी जाऊ नये, हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं. माझं ऑफिस तिथून तासाभरावर आहे, म्हणून मला परवडतं. एक्सबीआयबद्दल एवढंच, की सगळं क्षेत्र एकदम खाली येतं तेव्हा तोही येतो. फेब्रुवारी २०२१ च्या शिखरानंतर सव्वा वर्षात तो निम्म्याहून खाली आला होता. पण एका कंपनीच्या एका निकालाने रात्रीत सगळं जात नाही, हे खरं.

गणिती, ६ डिसेंबर

क्लिनिकल ट्रायलच्या संख्याशास्त्रात काम करतो. रानवारा यांनी पट्ट्या मोजल्या हे वाचून फार आनंद झाला. असेच आणखी दोन मुद्दे.

जगण्याचा कालावधी दाखवणारा कॅप्लान-मायर वक्र पडद्यावर आला की आपली नजर आपोआप उजव्या टोकाकडे जाते. औषधाची रेषा वर सपाट गेलेली असते आणि वक्ता म्हणतो, ‘बघा, फायदा टिकून आहे.’ त्याच वेळी आलेखाच्या खालच्या आकड्यांच्या ओळी बघा. त्या त्या महिन्याला किती रुग्ण अजून निरीक्षणाखाली आहेत ते तिथे दिलेलं असतं. सुरुवातीला ६०, बाराव्या महिन्यात १९, चोविसाव्यात ३, असं बरेचदा असतं. ती सपाट रेषा मग तीन माणसांवर उभी असते. त्यातला एक गेला तर रेषा धाडकन खाली येईल. खालच्या ओळी स्लाइडवर नसतीलच तर मी तो आलेख विचारातच घेत नाही.

दुसरं, उपगट. मुख्य उद्दिष्ट हुकलं, पण ‘अमुक बायोमार्कर (रक्तात किंवा गाठीत मोजता येणारी खूण) असलेल्या रुग्णांत स्पष्ट फायदा दिसला’ हे वाक्य तुम्हाला दर परिषदेत ऐकू येईल. वीस वेगवेगळे उपगट तपासले तर औषध कुचकामी असलं तरी एखाद्यात निव्वळ योगायोगाने ०.०५ च्या खालचा पी (निकाल निव्वळ योगायोगाचा नसावा असं मानायची रूढ मर्यादा) सापडू शकतो. तेव्हा विचारायचं एवढंच: हा उपगट चाचणी सुरू होण्याआधी ठरला होता की नंतर? उत्तर स्वतःही तपासता येतं. क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह वर चाचणीची नोंद असते आणि नोंदीतला प्रत्येक बदल तारखेसह दिसतो. मुख्य उद्दिष्ट मधेच बदललं असेल तर तेही.

आणि एक आकडा कायम डोक्यात ठेवा. अमेरिकेतल्या बायो या उद्योगसंघटनेने २०११ ते २०२० या दशकाचा अभ्यास काढला होता. त्यात फेज १ मध्ये शिरलेल्या प्रकल्पांपैकी मान्यतेपर्यंत पोचण्याचं प्रमाण ७.९ टक्के निघालं. सगळ्यात मोठी गळती फेज २ मध्ये, तिथून पुढे जाणारे फक्त २८.९ टक्के. एका दिवसात फेज २ मधल्या दहा कंपन्या ऐकल्या आणि दहाही पटल्या, तर त्यातल्या साधारण सात तिथेच थांबणार आहेत.

पारिजातक, ८ डिसेंबर

लिहू की नको असा विचार दोन दिवस केला. माझ्या मोठ्या दिरांना एएलएस, म्हणजे हळूहळू स्नायूंवरचा ताबा जाणारा मज्जातंतूंचा आजार, झाला होता. तेव्हा या आजारावर काम करणाऱ्या एका छोट्या कंपनीचे शेअर मी घेतले. एका परिषदेतही गेले. तिथे त्या कंपनीच्या सत्रात चाकांच्या खुर्चीत बसलेले एक रुग्ण आणि त्यांची पत्नी होती. मला तिथून उठवेना. पुढे निकाल लांबत गेले, शेअर पडत गेला, आणि मला तो विकता आला नाही. विकणं म्हणजे दिरांच्या बरे होण्यावरचा विश्वास सोडणं असं वाटायचं. ते गेल्यानंतरही सात महिने ते शेअर माझ्या खात्यात होते. रानवारांनी हातात हात घेतल्याचं लिहिलं, ते वाचून हे आठवलं.

मोरपीस, ८ डिसेंबर

पारिजातक, तुमच्या घरातल्या दुःखात सहभागी आहे. असे अनेक फोन मी घेतले आहेत. आजार घरात असलेले लोक आम्हाला फोन करायचे आणि शेअरबद्दल विचारता विचारता चाचणीत जागा आहे का हे विचारायचे. त्यांना उत्तर देताना मला खूप जड जायचं.

एएलएसचाच विषय निघाला म्हणून जाहीर नोंदीतली एक गोष्ट सांगते. अमायलिक्स या कंपनीच्या रेलिव्हरिओ या औषधाला सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पुरावा तोवर एका छोट्या चाचणीचा होता. सल्लागार समितीच्या बैठकीत कंपनीने सांगितलं होतं की मोठी चाचणी अपयशी ठरली तर औषध आम्ही स्वतःहून मागे घेऊ. मार्च २०२४ मध्ये फिनिक्स ही फेज ३ चाचणी अपयशी ठरली. एका दिवसात शेअर ८० टक्क्यांहून जास्त कोसळला. आणि एप्रिलमध्ये कंपनीने दिलेला शब्द पाळून औषध बाजारातून काढून घेतलं.

माणसं शब्दाची पक्की होती आणि गुंतवणूकदारांचे पैसेही गेले, दोन्ही एकाच वेळी. म्हणून कंपनीवाल्यांना विचारण्यासारखा माझा आवडता प्रश्न हा: निकाल उलटा आला तर दुसऱ्या दिवशी तुम्ही काय करणार? ज्यांनी त्याचा विचार केलेला असतो ते रोखीपासून दुसऱ्या प्रकल्पापर्यंत सगळं सांगतात. काही जण नुसतं हसून म्हणतात, तशी वेळ येणार नाही.

गणिती, ९ डिसेंबर

पारिजातक, माझ्या बहिणीने एका आजारासाठी असंच केलं होतं. नंतर तिने दोन खाती वेगळी केली. त्या आजाराच्या संशोधनाला दरवर्षी ठरावीक देणगी, आणि गुंतवणूक दुसऱ्याच कंपन्यांत. तिला त्याने बरं वाटलं.

पारिजातक, ९ डिसेंबर

हे मला सुचलं नव्हतं. मनापासून आभार.

चांदणचुरा, २४ जानेवारी

धागा वर काढते आहे. जाऊन आले!

चार कंपन्यांची पानं लिहून नेली होती. दोन कंपन्यांत रोख पाच तिमाह्यांपेक्षा कमी निघाली म्हणून त्यांच्या सत्राला गेलेच नाही. तिसरीच्या जुन्या स्लाइड मोरपीस ताईंच्या सांगण्याप्रमाणे बघितल्या, तर निकालाची तारीख तीन वर्षांत तीनदा सरकलेली. संपर्क विभागाच्या मुलीने कारण नीट सांगितलं, एका देशातली चाचणीची केंद्रं उशिरा सुरू झाली म्हणून. त्यावर अजून विचार चालू आहे.

चौथ्या कंपनीत वॉटरफॉल प्लॉट आला आणि छातीत धडधडलं. डोक्यावर ३१ रुग्ण. मी पेनाच्या टोकाने हवेतच पट्ट्या मोजल्या, दोनदा. २६. सत्र संपल्यावर रांगेत उभी राहिले, पुढे दोघे फंडवाले होते. माझी पाळी आली तेव्हा कागदावरचं वाक्य वाचूनच दाखवलं. वैद्यकीय प्रमुख बाई होत्या. त्यांनी लगेच सांगितलं की दोघांचा पहिला स्कॅन अजून व्हायचा आहे, तिघांनी दुष्परिणामांमुळे औषध सोडलं, आणि हे सगळं त्यांच्या पोस्टरवर छापलेलं आहे. पोस्टर कुठे मिळेल तेही लिहून दिलं. उत्तर सरळ मिळालं म्हणून हरखून गेले, खोलीवर येऊन शेअर घ्यावेसे वाटले. घेतले नाहीत. मार्चमध्ये वार्षिक अहवाल येईल, तोवर थांबते.

गणिती, २४ जानेवारी

वा! त्या तिघांचे दुष्परिणाम कोणत्या ग्रेडचे, म्हणजे किती तीव्र होते, पोस्टरवर आहे का?

चांदणचुरा, २५ जानेवारी

आत्ताच पोस्टर पुन्हा उघडून बघितलं. तिघांचेही ग्रेड ३, म्हणजे गंभीर, यकृताचे एन्झाइम वाढलेले. आणि तिघेही सगळ्यात वरच्या डोसच्या गटातले आहेत. फेज २ त्याच डोसने सुरू होणार असं स्लाइडवर होतं, आता ती पुन्हा काढून बघते. त्यांच्या संपर्क विभागाला मेल लिहायला घेतली आहे.